सोळाव्या चालीचा ड्रॉ

रेटिंगच्या स्पर्धा नुकत्याच खेळू लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मोहरी कशी चालतात, स्विस पद्धतीत पेअरिंग कसं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मला बोलायचंय ते फक्त लवकर घेतलेल्या ड्रॉबद्दल, कारण त्यात माझी दोन वर्षं गेली.

मी सतरा वर्षांची होते, रेटिंग 1720. समोर बँकेतून निवृत्त झालेले एक काका, 2020 रेटिंगचे. सोळावी चाल खेळून ते हळूच म्हणाले, "ड्रॉ?" आणि त्यांनी घड्याळ दाबलं. माझ्याकडे पन्नास मिनिटं शिल्लक होती. मी दहा सेकंदांत हात पुढे केला. नंतर बाहेर पट मांडून बसलो तेव्हा ते म्हणाले, "अगं, घोडा एफ5 वर टाकला असतास तर मी काय करणार होतो? त्या भीतीनेच तर विचारलं." ते चांगले गृहस्थ, त्यांचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते माझं, आणि नेमकं कुठे ते नीट सांगते.

ड्रॉचा प्रस्ताव एकदा दिला की समोरच्याला तो मागे घेता येत नाही. तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत, तोंडाने नकार देईपर्यंत किंवा खेळण्याच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो जिवंत असतो. घड्याळ तुमचं चालू असतं, त्यामुळे वेळ तुमचाच खर्च होतो; पण तो वेळ वापरायचा हक्कही तुमचाच असतो. मी हे नियमपुस्तकात वाचलेलं होतं. तरी त्या क्षणी वाटलं की मोठ्या माणसाने विचारलंय, ताबडतोब उत्तर द्यायला हवं. नाही द्यायचं. स्कोअरशीटवर त्या चालीपुढे (=) लिहा; तसं लिहिणं नियमातच आहे. मग हात मांडीवर ठेवा आणि प्रस्ताव आलाच नाही असं समजून चाल शोधा. चांगली चाल सापडली तर ती खेळा, नकार आपोआप झाला. वीस मिनिटं शोधूनही काही दिसलं नाही तर ड्रॉ तिथेच आहे, कुठे जात नाही. आणि जास्त रेटिंगवाला सोळाव्या चालीला ड्रॉ मागतो तेव्हा पटावर त्याला काहीतरी आवडलेलं नसतं, हा माझा अनुभव. क्वचित तो नुसता दमलेलाही असतो. दोन्हींत फायदा तुमचाच.

खरा घात पुढे झाला. तीनशेच्या फरकाला अपेक्षित गुण 0.15, मिळाला अर्धा, के-फॅक्टर (या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) 40. म्हणजे एका तासात 14 रेटिंग वाढलं. घरी पेढे आले! माझे तेव्हाचे सर म्हणाले, "मोठा खेळाडू आला की ड्रॉ काढ, रेटिंग आपोआप चढतं." मी ऐकलं. पुढच्या नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत पाच डाव विसाच्या आत संपवले. मग एकाने नकार दिला आणि मला चौथ्या तासात नेलं. हत्ती विरुद्ध हत्ती, त्याच्याकडे एक प्यादं जास्त. फिलिडोरची बचावाची पद्धत मला पाठ होती: हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीवर धरून ठेवायचा. पण डोकं बधिर झालेलं, मी तो सोडला आणि हरले. चौथा तास मी कधी जगलेच नव्हते, आणि तो पुस्तकातून शिकता येत नाही. विद्यार्थ्याचं रेटिंग मोजून स्वतःची जाहिरात करणाऱ्या प्रशिक्षकांपासून लांब राहा, असं मी आज स्पष्ट सांगते.

"मोठे खेळाडूही घेतातच की" असं कुणी म्हणेल. घेतात. 1962 साली क्युरासाओला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर यांनी आपापसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. लंडनला 2018 मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसनने बाराव्या डावात, स्थिती चांगली असताना, 31व्या चालीला ड्रॉ दिला आणि मग रॅपिडमध्ये कारुआनाला 3-0 हरवलं. त्याच्यापाशी हिशेब होता. आपल्यापाशी सहसा नुसती धडधड असते.

डावाआधी कुणाशी ठरवून येणं तर पूर्ण वेगळी गोष्ट, तिच्या वाटेलाही जाऊ नका. 2023 च्या जागतिक ब्लिट्झमध्ये, समरकंदला, दुबोव आणि नेपोम्नियाची यांनी घोडे नाचवत 13 चालींत बरोबरी केली. पंचांनी दोघांना शून्य दिलं. स्पर्धेचं माहितीपत्रकही वाचा. काही ठिकाणी तीस चालींआधी ड्रॉ ठरवता येत नाही, 2024 च्या कँडिडेट्सला ही मर्यादा चाळीस होती. शेवटच्या फेरीत बक्षिसासाठी ड्रॉ घेण्याआधी टायब्रेक, म्हणजे गुण सारखे झाल्यावर क्रम कशावर लागतो ते, पाहा. त्यातला बुखोल्झ तुमच्या आधीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांवर ठरतो, तुम्ही हात मिळवून बाहेर पडल्यावरही तो हलत राहतो.

म्हणून ड्रॉ कधीच घेऊ नका असं नाही. ताप असेल, नॉर्मला (किताबासाठी लागणाऱ्या कामगिरीला) अर्धाच गुण हवा असेल, पटावर खरंच काही उरलं नसेल, तर निर्धास्त घ्या, कुणाला उत्तर देऊ नका. आणि आतापर्यंत दहा-बारा घेतले असतील तर घाबरूही नका, ही सवय सुटते. मला एक हंगाम लागला.

त्या हंगामात सतराव्या चालीला आलेला एक प्रस्ताव मी नाकारला आणि 58व्या चालीला हरले. पुन्हा हत्तींचाच शेवट. रात्री घरी पट मांडला. तिसरी ओळ मी 51व्या चालीला सोडली होती, आणि या वेळी का सोडली हेही मला आठवत होतं.