साय-फाय शूटरचा सिक्वेल बनवायचाय? मग आधी पहिला गेम परत खेळा

सिक्वेल करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगला सगळे आपापली यादी घेऊन येतात. कुणाला नवीन ग्रह हवेत, कुणाला ओपन वर्ल्ड, कुणाला को-ऑप (मित्रांनी एका बाजूने मिळून खेळणं), कुणाला वीस नवीन बंदुका, आणि संध्याकाळपर्यंत बोर्डवर जागा उरत नाही. ती यादी फोटो काढून बाजूला ठेवा, फेकू नका, पुढे लागेल. त्याआधी सगळ्या टीमने पहिला गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत परत खेळायचा, चीट न वापरता, डीबग मेनू (टीमला तपासणीसाठी असलेल्या सोयी) बंद ठेवून, साध्या खेळाडूसारखा. शेजारी एक वही ठेवायची आणि त्यात फक्त क्रियापदं लिहायची. धावतो, लपतो, नेम धरतो, ढाल उतरली की मागे सरकतो, ढाल भरली की परत घुसतो, असं. बंदुकांची नावं, कथा, ग्राफिक्स यातलं काही लिहायचं नाही.

हे एवढं का सांगतोय, तर लोक सिक्वेल घेतात ते त्यांच्या बोटांना ती क्रियापदं आठवत असतात म्हणून. २००१ च्या हेलो या शूटरचं उदाहरण घ्या, दोनच बंदुका जवळ ठेवता येणार, ग्रेनेडला वेगळं बटण, ठोसा मारायला वेगळं बटण, म्हणजे बंदूक न बदलता तिन्ही गोष्टी कधीही करता येतात, आणि आपोआप भरणारी ढाल असल्यामुळे घुसा-मागे या-परत घुसा असा एक ताल तयार होतो. पुढच्या भागांत किती काय बदललं तरी तो ताल ओळखू येतो. तुमच्या वहीतली कुठली दोन-तीन क्रियापदं म्हणजे तुमचा गेम आहे हे ठरवा आणि ती लिहून भिंतीवर लावा. त्यांना हात लावायचा नाही.

मग नवीन काय द्यायचं? माझं मत ठाम आहे, एक नवीन क्रियापद द्या, एकच, पण असं की जुन्या सगळ्या क्रियापदांचा अर्थ त्याने थोडा बदलेल. १९९४ चा डूम २ बघा. इंजिन (गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते) तेच, आणि नवीन बंदूक फक्त एक, दुनळी सुपर शॉटगन. बाकी सगळी मेहनत नवीन शत्रूंवर. त्यातला आर्क-व्हाइल मेलेल्या शत्रूंना परत उठवतो, म्हणजे आता कोणाला आधी मारायचं हा प्रश्न येतो जो पहिल्या भागात एवढा टोचत नव्हता, बंदूक जुनीच पण डोकं नव्याने चालवावं लागतं. स्वस्तात सिक्वेल ताजा करायचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. नवीन बंदूक करायला मॉडेल, अ‍ॅनिमेशन, आवाज, बॅलन्स सगळं लागतं आणि शेवटी खेळाडू जुनीच आवडती घेऊन फिरतो. जुन्या बंदुकीला नवीन प्रश्न विचारणारा शत्रू मात्र कुणाला टाळता येत नाही.

दुसरं उदाहरण हाफ-लाइफ २ ची ग्रॅव्हिटी गन. उचल आणि फेक, एवढंच. पण ती कशी दिली ते शिकण्यासारखं आहे. आधी एका मोठ्या रोबोटबरोबर बॉल टाकायचा-पकडायचा खेळ होतो, कुणी गोळ्या मारत नाही, हात बसतो, आणि लगेच पुढे रेव्हनहोम नावाचं ओसाड गाव, जिथे गोळ्या कमी आणि करवतीची पाती भरपूर. म्हणजे शिकवलं खेळातून आणि मग अशी जागा दिली जिथे तेच वापरायला लागेल. तुमचं नवीन क्रियापद काहीही असो, हा क्रम जसाच्या तसा वापरा: आधी निवांत जागा, मग लगेच गरज.

गरज लावताना हात थोडा सैल ठेवा पण. डूम इटर्नलमध्ये (२०२०) ग्लोरी किलने (अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवून) हेल्थ, चेनसॉने गोळ्या, आग फेकून चिलखत अशी व्यवस्था आहे, जवळ गोळ्या कमी मावतात म्हणून खेळाडूला सगळं वापरावंच लागतं, आणि मला ते प्रचंड आवडतं. पण त्यातला मरॉडर नावाचा शत्रू, जो डोळे हिरवे चमकले की तेवढ्याच क्षणी मारता येतो, त्याच्यावर खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. इतक्या वेगाच्या गेममध्ये एकदम थांबून वाट बघायला लावलं की जुना ताल तुटतो, म्हणून असा शत्रू टाकायचा असेल तर भिंतीवरच्या त्या कागदाशी ताडून बघा.

कधी कधी बदल खूप मोठा करूनही गेम तोच वाटतो. २०१५ चा हेलडायव्हर्स वरून दिसणारा होता, २०२४ चा दुसरा भाग थेट खांद्यामागच्या कॅमेऱ्यावर गेला, म्हणजे जवळपास सगळंच नव्याने करायला लागलं असणार. पण बाणांचे कोड दाबून वरून मदत मागवणं राहिलं आणि आपलीच गोळी आपल्याच माणसाला लागणं राहिलं. या दोन गोष्टी राहिल्या म्हणून तो हेलडायव्हर्स राहिला.

आता गनफील, म्हणजे बंदूक चालवताना हाताला, डोळ्याला, कानाला कसं वाटतं ते. इथे वेळ घालवा, भरपूर घालवा, पहिले दोन-तीन महिने दुसरं काही केलं नाही तरी चालेल. एक रिकामी खोली, एक बंदूक, एक शत्रू, आणि ते खेळायला मजा येत नसेल तर पुढे लेव्हल करून काही होणार नाही. सिक्वेलमध्ये एक फायदा असतो की तुलनेला जुना गेम आहे. फोनच्या स्लो-मोशनने, २४० एफपीएसवर (सेकंदाला २४० फ्रेम), बटण दाबणारं बोट आणि स्क्रीन दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतील असं शूट करा, आधी जुना गेम, मग नवीन. मग बोट दाबल्यापासून नळीवर चमक दिसेपर्यंत फ्रेम मोजा. २४० ला एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. नवीन गेम पाच-सहा फ्रेम मागे निघाला तर झाले वीस-पंचवीस मिलिसेकंद, आणि टेस्टर "बंदूक जड वाटते, काहीतरी चुकतंय" असं म्हणत राहतात आणि कुणाला कारण सापडत नाही. आमच्याकडे नेमकं हे झालं होतं, आम्ही तीन आठवडे रिकॉइलचे (गोळी सुटल्यावर बंदुकीला बसणाऱ्या झटक्याचे) आकडे हलवत बसलो आणि शेवटी निघालं काय तर नवीन रेंडररमध्ये (स्क्रीनवरचं चित्र काढणाऱ्या भागात) एक फ्रेम जास्त बफर होत होती, म्हणजे थांबवून ठेवली जात होती, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये गोळी सुटायच्या आधी एक छोटी हालचाल कुणीतरी छान दिसते म्हणून टाकली होती. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० ला ८.३. हे बजेट पहिल्या दिवसापासून पाळा, शेवटी ऑप्टिमाइझ करू असं म्हणू नका.

चमक आणि आवाज त्याच फ्रेमला यायला पाहिजेत ज्या फ्रेमला गोळी सुटते. रिकॉइलचे दोन भाग करा, हातातली बंदूक किती उडते ते वेगळं आणि कॅमेरा किती हलतो ते वेगळं, कारण बंदूक भरपूर उडाली तरी चालतं, दिसायला दमदार दिसतं, पण कॅमेरा जास्त हलला की नेम जातो आणि काहींना डोकं गरगरतं. आवाज तीन थरात करा: यंत्राचा खटका, मुख्य बार, आणि मागे राहणारा घुमारा, जो खोलीत वेगळा आणि मोकळ्यावर वेगळा. साय-फाय बंदुकीत इथे अडचण येते, प्लाझ्मा बंदुकीचा खरा आवाज कुणी ऐकलेलाच नाही, त्यामुळे नुसता सिंथचा आवाज टाकला की खेळणं वाटतं. खटक्याचा थर नेहमी ओळखीच्या धातूचा ठेवा, वरचा थर हवा तेवढा अनोळखी करा, कानाला वजन लगेच जाणवतं.

गोळी लागल्यावर शत्रूने एक-दोन फ्रेमच्या आत काहीतरी केलं पाहिजे, दचकणं, ठिणगी, ढालीवर लहर, काहीही.

साय-फायमध्ये एक सोय आपल्याला फुकट मिळते ती वापरा. तुमच्या गोळ्या झटक्यात लागू द्या आणि शत्रूच्या हळू, चमकत येणाऱ्या ठेवा. खऱ्या युद्धाच्या गेममध्ये हळू येणारी गोळी विचित्र वाटते, इथे कुणी शंका घेत नाही, आणि खेळाडूला बघून चुकवता येतं म्हणजे मेला तरी त्याला कळतं की कशाने मेला. फक्त शत्रूच्या आणि आपल्या गोळ्यांचा फरक नुसत्या रंगावर सोडू नका, आकार आणि हालचालही वेगळी ठेवा, कारण लाल-हिरवा न ओळखणारे खेळाडू खूप असतात. कंट्रोलरचा एम असिस्टही (नेम धरायला गेमने केलेली मदत) इथेच बसवा. त्यात दोन गोष्टी असतात, शत्रूवर नेम आला की स्टिक मंदावणं आणि नेम थोडा शत्रूकडे ओढला जाणं. दोन्ही वेगवेगळ्या चालू-बंद करून तपासा, एकत्र बॅलन्स करायला गेलात तर कुठलं जास्त झालंय ते कळत नाही.

इंजिन. मधेच बदलू नका. ड्यूक नुकेम फॉरएव्हर १९९७ ला जाहीर झाला क्वेक २ च्या इंजिनवर, १९९८ ला अनरियल इंजिनवर गेला, आणि बाजारात आला २०११ ला. सगळा उशीर इंजिनमुळे झाला असं नाही, पण प्रत्येक वेळी नवीन काहीतरी दिसलं की ते पण हवं ही सवय इंजिन बदलण्यापासूनच लागते. जुन्या गेमचं इंजिन चालतंय तर तेच घ्या. बदलायचंच असेल तर गनफीलच्या खोलीच्या आधी बदला, त्यानंतर विषय बंद. पैशाचं गणितही आधी वाचून ठेवा: अनरियल एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर साधारण ५ टक्के घेतं, गोडो हे दुसरं इंजिन एमआयटी या मोकळ्या लायसन्सवर आहे म्हणजे रॉयल्टी नाही.

लेव्हल आधी साध्या राखाडी डब्यांची करा, टेक्स्चर नको, लाइटिंग नको. टायटनफॉल २ च्या टीमची पद्धत मला फार पटते, एकेका डिझायनरने एकेका कल्पनेचा छोटा खेळता येणारा तुकडा करायचा आणि त्यातले चांगले निघतील ते गेममध्ये. त्यातली ती भूतकाळ-वर्तमानकाळात उड्या मारायची लेव्हल सगळ्यांना आठवते, आणि ती आतून अगदी साधी आहे, एकाच इमारतीच्या दोन प्रती एकावर एक ठेवल्यात आणि बटण दाबलं की खेळाडूला वरून खाली किंवा खालून वर हलवतात. इतकी भन्नाट गोष्ट डब्यांमध्ये दोन दिवसांत तपासून बघता येते. नवीन तंत्र मागायच्या आधी हे आठवा.

डेमो दाखवायची घाई होते, मला पूर्ण समजतं, पण २००३ च्या ई-थ्री या गेम प्रदर्शनात दाखवलेला हेलो २ चा डेमो लक्षात ठेवा. दिसायला जबरदस्त होता, पण तो ज्या ग्राफिक्स इंजिनवर होता ते एक्सबॉक्सला पेलत नव्हतं, ते टाकून द्यावं लागलं, वेळ गेला, आणि २००४ ला गेम आला तेव्हा गोष्ट मधेच तुटल्यासारखी संपली. तुमचा डेमो तुम्ही सपोर्ट करणार त्या सगळ्यात कमकुवत मशीनवर चालवा, आणि त्यातलं सगळं गेममध्ये राहणार असेल तरच दाखवा.

कथेचं थोडक्यात. पहिल्या भागाच्या शेवटी हिरोकडे सगळं असतं, दुसऱ्याच्या सुरुवातीला ते का नाही याचं कारण हवं. हाफ-लाइफ २ मध्ये खेळाडू रेल्वे स्टेशनवर उतरतो, सूट नाही, हत्यार नाही, जग पार बदललेलं, आणि मग पहारीपासून परत सुरुवात. कुणी लांबलचक समजावत बसत नाही. जुनं माहीत नसलेल्यालाही चालतं, माहीत असलेल्याला जास्त लागतं.

ऑनलाइन असेल तर नेटकोड (खेळाडूंची मशीन आणि सर्व्हर यांना जोडणारा कोड) गनफीलबरोबरच सुरू करा, नंतर चिकटवता येत नाही. खेळाडूच्या मशीनने लगेच दाखवायचं, निर्णय सर्व्हरने द्यायचा, आणि निर्णय देताना सर्व्हरने थोडं मागे जाऊन बघायचं की गोळी मारली तेव्हा मारणाऱ्याला समोरचा कुठे दिसत होता. याची किंमत अशी की समोरच्याला वाटतं मी भिंतीमागे गेलो होतो तरी मेलो. म्हणून मागे जायची मर्यादा ठरवा, नाहीतर सगळ्यात खराब नेटवाल्याचा फायदा होतो. सगळं टेस्टिंग ऑफिसच्या लॅनवर (आतल्या वेगवान नेटवर्कवर) करू नका, मुद्दाम १०० मिलिसेकंद पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) आणि थोडा पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) लावून खेळा, रोज.

प्लेटेस्टला (बाहेरच्या लोकांकडून गेम खेळवून बघायला) दोन गट बोलवा, पहिला भाग खेळलेले आणि न खेळलेले, आणि वेगवेगळे बसवा. तुम्ही मागे बसायचं आणि बोलायचं नाही, तो चुकीच्या दाराला दहा मिनिटं धडकत असला तरी नाही. नंतर "आवडलं का" विचारू नका, "आता काय झालं ते सांग" असं विचारा. जुना खेळाडू "हे आमच्या गेमसारखं नाही" म्हणाला तर वाईट वाटून घ्यायच्या आधी वही उघडा आणि बघा, त्याचं बोट भिंतीवर लावलेल्या क्रियापदावर आहे की दुसऱ्याच कशावर. भिंतीवरचं असेल तर त्याचं ऐका, काम कितीही वाढलं तरी.

कोडची काळजी पण घ्या. हाफ-लाइफ २ चा सोर्स कोड २००३ ला गेम यायच्या आधीच चोरीला जाऊन नेटवर पसरला होता. सगळ्या अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरी ओळख), कोडवरून गेम तयार करणारा बिल्ड सर्व्हर वेगळा, बस.

तारीख ठरवताना आजूबाजूला बघा. टायटनफॉल २ ऑक्टोबर २०१६ ला दोन प्रचंड मोठ्या शूटरच्या मधल्या आठवड्यात आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला तरी विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहिली. उलट गर्दीचीही तयारी हवी. हेलडायव्हर्स २ वर इतके लोक आले की एकावेळी साडेचार लाखांची मर्यादा लावावी लागली आणि बाकीचे रांगेत. तेव्हा सिंगल प्लेअर भाग सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका, आणि बंदुकांचे डॅमेज, रिकॉइल, शत्रूची हेल्थ हे आकडे सर्व्हरवरून बदलता येतील असे आधीच बाहेर काढून ठेवा. रिलीजनंतरचा पहिला आठवडा फक्त क्रॅश आणि लॉगिनचे प्रश्न सोडवा. आकडे दुसऱ्या आठवड्यात, एकावेळी एक बंदूक, आणि प्रत्येक बदलाबरोबर जुना आकडा, नवीन आकडा आणि कारण खेळाडूंना लिहून द्या.