मशिदीत पैशाचे व्यवहार शिकवायचे असतील तर

सुरुवात व्याजापासून करू नका. मी केली होती. कुर्ल्यातली छोटी मशीद, इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झालेली, समोर पंधराएक माणसं. व्याज हराम का, हे मी तासभर सांगत राहिलो. उठताना एक रिक्षावाले चाचा जवळ आले. मुलीच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून पैसे घेतले होते, आता काय करू, एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मी उधारीपासून सुरू करतो. कुरआनातली सगळ्यात लांब आयत (वचन), सूरह बकरा या अध्यायातली २८२वी, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. हे ऐकल्यावर दुकानदार मंडळी सावरून बसतात. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहा, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने! इथे थांबा, असं का असेल ते त्यांनाच विचारा. एका किराणावाल्याने मला सांगितलं, "गरजवंताच्या नावावर मग कोणी भलतं लिहू शकत नाही." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

मग २८०वी वाचा: कर्जदार अडचणीत असेल तर सवड द्या, माफ केलंत तर अधिक चांगलं. सावकार तुमच्या वर्गाला येणार नाही. पण बिनव्याजी उसने देऊ शकणारे, जकात (संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान) काढणारे समोरच असतात. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे (सूरह तौबा, ६०). चाचांना त्याच रात्री हे सांगायला हवं होतं.

जकातीच्या हिशेबात जपून. चांदीचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ५२.५ तोळे, पण तो जुना तोळा, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, त्यामुळे लोक चुकून ५२५ ग्रॅम धरतात. हनफी आणि शाफई हे धर्मनियमांचे दोन संप्रदाय: वापरातल्या दागिन्यांवर हनफी मताने जकात आहे, शाफईंच्या प्रचलित मताने नाही. मुंबईत दोघे नमाजेच्या एकाच सफेत (रांगेत) उभे असतात. आपले कोकणी बहुतेक शाफई. म्हणून आधी मसलक, म्हणजे कोणता संप्रदाय, ते विचारा आणि फतव्यासाठी इमामसाहेबांकडे पाठवा. ते काम आपलं नाही.

बायकांचा वर्ग जमेल तसा वेगळा घ्याच. भिशी त्याच चालवतात, कोणाचे किती राहिलेत ते त्यांना तोंडपाठ असतं.

जाताना कोऱ्या वह्या न्या. तास संपायच्या आत प्रत्येकाला आपली एक तरी उधारी लिहायला लावा, तारखेसकट.