ट्रान्झॅक्शनची एरर शोधायला बसण्याआधी

पीएचपीच्या स्क्रिप्टमध्ये 'देअर इज नो ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' असा मेसेज आला की हात आपोआप कमिटच्या, म्हणजे केलेलं काम पक्कं करणाऱ्या, ओळीकडे जातो. तिला लगेच हात लावू नका. ती ओळ बहुतेक वेळा बरोबर असते. ट्रान्झॅक्शन (सगळ्या मिळून एकदम पक्क्या किंवा एकदम रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) तिच्या आधीच कुठेतरी संपलेलं असतं. ते कुणी संपवलं, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळण्यासाठी कोड बदलायच्या आधी काही गोष्टी हाताशी हव्यात. माझं रोजचं काम पीएचपी, पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर चालतं, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो.

पहिल्यांदा कागदावर दोन व्हर्जन लिहून घ्या: पीएचपीचं आणि मायएसक्यूएलचं. पीएचपीचं व्हर्जन ब्राउझरमधून वेगळं आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) वेगळं निघू शकतं, तेव्हा दोन्हीकडून बघा. हे बघायचं कारण असं की नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० आलं तेव्हा पीडीओच्या दोन सवयी बदलल्या. आधी पीडीओ मुळात गप्प बसायचं. क्वेरी फसली तरी फक्त फॉल्स परत करायचं आणि स्क्रिप्ट पुढे जायची. ८.० पासून ते एक्सेप्शन फेकतं, म्हणजे ते कुणी पकडलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन उरलेलंच नसताना कमिट केलं, तर आधी ते मुकाट्याने पार व्हायचं, आता एरर येते. सर्व्हर अपग्रेड केल्याच्या दुसऱ्या दिवशी 'काल तर चालत होतं' असा फोन येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. काल चालत नव्हतं, काल नुसतं दिसत नव्हतं.

त्यानंतर लॉगची सोय. एरर मोड एक्सेप्शनवर आहे ना, हे पाहून घ्या आणि लॉग फाइलमध्ये लिहायची व्यवस्था करा. डेटाबेसच्या टेबलात लिहू नका. हे मी चांगलाच त्रास काढून शिकलो. एका पतसंस्थेच्या पिग्मी वसुलीची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. एजंट संध्याकाळी दिवसभराची वसुली अपलोड करायचे आणि अधूनमधून एखादी पूर्ण फाइलच गायब व्हायची. एररसाठी मी वेगळं टेबल केलं होतं, तेही रिकामं. दोन दिवस मी एजंटच्या मोबाइलच्या नेटवर्कवर संशय घेतला. खरी गोष्ट अशी होती की एररची नोंद त्याच कनेक्शनवरून, त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात होत होती. रोलबॅक झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घेतलं गेलं, की वसुलीबरोबर एररची नोंदही पुसली जात होती. फाइलमध्ये लिहायला लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी कारण सापडलं.

टेबलांचं इंजिन, म्हणजे टेबलातला डेटा साठवणारी यंत्रणा, बघणं हे दोन मिनिटांचं काम आहे. 'शो टेबल स्टेटस' चालवा आणि इंजिनचा रकाना वाचा. मायएसक्यूएल ५.५ पासून नवं टेबल इनोडीबीत बनतं, पण त्याआधीच्या काळातून आलेली टेबलं अजून मायआयसॅममध्ये असू शकतात. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळतच नाही. पावतीचं टेबल मायआयसॅम आणि खात्याचं इनोडीबी असेल, तर रोलबॅकनंतर खातं मागे येतं आणि पावती तशीच राहते. मायएसक्यूएल फक्त एक वॉर्निंग देतं, ती कुणी मागून घेतल्याशिवाय दिसत नाही.

आता या तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, याला वेळ द्या. बिगिनपासून (ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या ओळीपासून) कमिटपर्यंत डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक क्वेरी ओळीने लिहून काढा. डोळ्यांनी कोड वाचून लिहू नका, कारण मधल्या फंक्शनमध्ये दडलेल्या क्वेरी नजरेतून सुटतात. टेस्ट सर्व्हरवर मायएसक्यूएलचा जनरल लॉग (आलेली प्रत्येक क्वेरी नोंदवणारा) थोडा वेळ चालू करा, स्क्रिप्ट एकदा चालवा आणि त्या लॉगमधून यादी उतरवून घ्या. या यादीत क्रिएट टेबल, आल्टर टेबल, ड्रॉप टेबल किंवा ट्रंकेट आहे का ते शोधा. मायएसक्यूएलमध्ये यातलं काहीही चाललं की तोवरचं सगळं आपोआप कमिट होतं. ट्रंकेट सगळ्यात फसवं, कारण ते डिलीटसारखं वाटतं. तात्पुरतं टेबल रिकामं करायला कुणीतरी मध्येच ट्रंकेट घातलेलं असतं, तिथे ट्रान्झॅक्शन संपतं आणि शंभर ओळी खाली कमिट ओरडतं. ट्रंकेट बिगिनच्या आधी न्या किंवा तिथे डिलीट वापरा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरून आलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं, तिथे आल्टर टेबलही रोलबॅक होतं.

त्याच लॉगमध्ये प्रत्येक क्वेरीपुढे कनेक्शनचा नंबर असतो. सगळ्या क्वेरी एकाच नंबरावर आहेत का, हे तपासा. एखादं मदतनीस फंक्शन स्वतःचं नवं पीडीओ कनेक्शन उघडत असेल, तर त्याचं काम तुमच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर होतं. त्यातून विचित्र प्रकार घडतो: पहिल्या कनेक्शनने खात्याची ओळ धरून ठेवलेली, दुसरं तीच ओळ मागतंय, आणि पहिलं दुसऱ्याचं काम संपायची वाट बघतंय. स्क्रिप्ट स्वतःचीच वाट अडवून उभी. मायएसक्यूएलला यात डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट अडवून बसणं) दिसत नाही, कारण पहिलं कनेक्शन त्याच्या लेखी नुसतं रिकामं बसलेलं असतं. मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंदांनी १२०५ ही एरर येते, म्हणजे लॉकची (ओळ मोकळी होण्याची) वाट बघायची मुदत संपली.

१२०५ आणि १२१३ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा, कारण दोन्ही लॉकच्याच एरर असल्या तरी त्यांचा परिणाम उलटा आहे. १२१३ म्हणजे डेडलॉक. यात इनोडीबी एका बाजूचं संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतं. त्यानंतर फक्त फसलेली क्वेरी पुन्हा चालवली, तर ती ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, एकटी, लगेच पक्की होते आणि तिच्या आधीचं सगळं गेलेलं असतं. म्हणून पुन्हा करायचं तर बिगिनपासून, शिल्लक नव्याने वाचून, आणि तीनेक प्रयत्नांनंतर थांबायचं. १२०५ मध्ये मात्र मूळ सेटिंगला फक्त शेवटची क्वेरी मागे येते, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. कुणी ती एरर पकडून नुसती लॉगमध्ये टाकली आणि पुढे कमिट केलं, तर अर्धवट काम कायमचं पक्कं होतं. पैशाच्या हिशेबात मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते. डेडलॉक निदान दिसतो.

डेडलॉकचा संशय असेल तर दोन टर्मिनल उघडून तो हाताने घडवून बघा. पहिल्यात बिगिन करून खातं ११२ अपडेट करा. दुसऱ्यात बिगिन करून ३४० अपडेट करा. आता पहिल्यात ३४० मागा, ते थांबेल. दुसऱ्यात ११२ मागितल्याबरोबर एकीकडे १२१३ येईल. आमच्या पतसंस्थेत नेमकं असंच होत होतं: एजंटची फाइल खाती एका क्रमाने घेत होती आणि काउंटरवरची रक्कम वर्ग करण्याची स्क्रिप्ट उलट्या क्रमाने. दोन्हीकडे लहान खाते क्रमांक आधी घ्यायचा, एवढं ठरवल्यावर ते थांबलं. लाइव्ह सर्व्हरवरच्या शेवटच्या डेडलॉकची माहिती 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस'मध्ये मिळते, कुठली क्वेरी कुठल्या इंडेक्सवर (ओळी पटकन शोधायच्या सूचीवर) अडली हे सुद्धा. तिथे अडलेल्या क्वेरीच्या वेअरमधल्या रकान्याला इंडेक्स आहे का, तेही बघून ठेवा. नसेल तर एका ओळीसाठी इनोडीबी टेबलभर ओळी धरून बसतं.

कॅच ब्लॉकसाठी, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडसाठी, तीन गोष्टी टिपून ठेवा. त्यात फक्त पीडीओ एक्सेप्शन पकडलं असेल तर टाइप एररसारखी चूक तिथून निसटते, म्हणून थ्रोएबल पकडा, त्यात सगळ्याच एरर आणि एक्सेप्शन येतात. रोलबॅकच्या आधी इन ट्रान्झॅक्शन या फंक्शनने ट्रान्झॅक्शन चालू आहे का ते तपासा, नाहीतर रोलबॅक स्वतःच दुसरी एरर फेकतं आणि मूळ एरर तिच्याखाली गाडली जाते. आणि पकडलेली एरर लॉग करून पुन्हा वर फेका. याशिवाय कमिटच्या आधी कुठे एक्झिट किंवा डाय (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी ओळ) आहे का ते शोधा. रिडायरेक्ट करून एक्झिट लिहायची सवय सगळ्यांनाच असते. ते कमिटच्या वर पडलं की स्क्रिप्ट संपताना पीडीओ निमूट रोलबॅक करतं, एरर येत नाही, आणि ग्राहकाला 'यशस्वी' असं पान दिसतं. एसएमएस आणि पेमेंट गेटवेचे कॉल याच फेरीत कमिटच्या खाली न्या. गेलेला एसएमएस रोलबॅक होत नाही, आणि गेटवेच्या उत्तराची वाट बघताना तुम्ही ओळी अडवून ठेवता.

टेस्टसाठी लाइव्ह डेटाची कॉपी घेणार असाल तर मायएसक्यूएलडंप या कॉपी काढणाऱ्या साधनाला सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्या, आणि कॉपीत सभासदांचे मोबाइल नंबर बदलून टाका.

उरली एक क्वेरी, तीही दुरुस्तीच्या आधीच लिहून ठेवा: प्रत्येक खात्याच्या पावत्यांची बेरीज, वजा काढलेली रक्कम, आणि शेजारी खात्यावरची शिल्लक, जिथे जुळत नाही तेवढीच खाती. कोड सुधारला तरी आधी बिघडलेल्या ओळी आपोआप सुधारत नाहीत. आमच्याकडे अशी अकरा खाती निघाली. ती यादी छापून मी अकाउंटंट मॅडमना दिली, त्यांनी एजंटच्या हाताने लिहिलेल्या पावतीपुस्तकांशी एकेक नोंद ताडून पाहिली, आणि त्यांनी सही केल्यावरच मी शिल्लक दुरुस्त केली.