करप्ट पेनड्राइव्हमधून फायली कशा काढायच्या (आणि चेकडिस्क लगेच काऊन मारू नये)

नागपुरात कोणाचाही पेनड्राइव्ह बिघडू द्या, सल्ला एकच मिळते. "सीएमडी उघड, चेकडिस्क मार." (सीएमडी म्हणजे विंडोजची कमांड लिहायची खिडकी, चेकडिस्क म्हणजे तिथून ड्राइव्ह तपासायची आणि दुरुस्त करायची कमांड.) बर्डीवरचा दुकानदार तेच सांगते, ऑफिसातला पोरगा तेच, यूट्यूबवर तर विचारूच नका. नातेवाइकांचे इतके ड्राइव्ह हाताखालून गेले आहेत माझ्या की आता हे वाक्य ऐकलं तरी डोकं तापते, आणि मे महिन्यात ते आधीच तापलेलं असते.

सुरुवात कानापासून करा. एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल आणि आतून टकटक येऊन राहिली असेल तर केबल काढा आणि पुढचं काहीच करू नका, ते सॉफ्टवेअरचं काम नाही, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्या लॅबकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय सांगणारे अजून आहेत, त्यांना म्हणा आधी तुमची ठेवा. आत ओल धरते फक्त.

आवाज नसेल तर दुसरा पोर्ट, दुसरी केबल, दुसरा कॉम्प्युटर, एवढं पाहून घ्या.

सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले असतील तर अभिनंदन, काहीच करप्ट नाही, झेरॉक्सच्या दुकानातून व्हायरस आणला आहे तुम्ही. फायली लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटीव्हायरसने स्कॅन करा, मग सीएमडीत ड्राइव्हच्या अक्षरावर जाऊन अ‍ॅट्रिब, मायनस एच, मायनस आर, मायनस एस, मग स्टार डॉट स्टार, स्लॅश एस, स्लॅश डी, प्रत्येकाच्या मधे स्पेस. फायली समोर येतात.

आता खरं काम. ड्राइव्ह दिसते, पण विंडोज म्हणते फॉरमॅट करा, किंवा फोल्डरच्या नावात चिनी जपानी अक्षरं येऊन राहिली. इथे माझा हात पोळला आहे म्हणून नीट सांगतो.

काटोलच्या काकांचा 32 जीबीचा पेनड्राइव्ह होता. त्यात संत्र्याच्या बागेचे हिशेब आणि आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटलेलं रेकॉर्डिंग, बारा फायली. मी मोठ्या ऐटीत चेकडिस्क स्लॅश एफ, म्हणजे तपासून दुरुस्तही कर, असं मारलं, त्यानं मधे काहीतरी विचारलं, मी न वाचता वाय दाबलं. पाच मिनिटांत 'ड्राइव्ह दुरुस्त'. उघडून पाहतो तर ओव्यांचा फोल्डरच नाही, त्याच्या जागी फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाचा लपलेला फोल्डर आणि आत शेकडो सीएचके फायली, नाव नाही, गाव नाही. बारापैकी तीन ओव्या पूर्ण निघाल्या, बाकीच्या मधेच तुटतात. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

झालं काय तर फॅट32, म्हणजे पेनड्राइव्हवर फायली मांडायची एक पद्धत, त्यामध्ये कोणत्या फाइलचा तुकडा कुठे आहे याचा एक तक्ता असते. तो तक्ता फाटला की चेकडिस्क त्याचा मेळ बसवते, आणि जे तुकडे मेळात बसत नाहीत ते कापून बाजूला टाकते. त्याचं काम ड्राइव्ह वापरण्याजोगा करणं आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. आणि हे सगळं ते त्याच ड्राइव्हवर लिहिते, म्हणजे परतीचा रस्ता बंद. पुढे काही न लावता नुसतं चेकडिस्क मारलं तर ते फक्त वाचते, तेवढं चालेल. स्लॅश एफ आणि स्लॅश आर मात्र नाही म्हणजे नाही. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर स्लॅश आर तर तासन्‌तास प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा, घासत बसते, आणि उरलेला जीवही जाते.

म्हणून आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज घ्या. नुसत्या फायली कॉपी नाही, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये. 64 जीबीच्या ड्राइव्हमध्ये दोनच जीबी भरलेले असले तरी 64 जीबी जागा लागते, ती दुसऱ्या डिस्कवर पाहिजे, आणि ती डिस्क फॅट32 नको कारण तिथे 4 जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. विंडोजवर विन32 डिस्क इमेजर चालते, पण त्यात 'रीड' दाबायचं, 'राइट' दाबलं तर सगळं संपलं, मी बोटानं झाकून दाबतो, हसू नका. खराब सेक्टर लागला की मात्र ते थांबून जाते. तेव्हा लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर थेट लिनक्समध्ये सुरू होते असा, वेगळा बनवा आणि त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम वापरा. ते चांगला भाग आधी उचलते, अडलेला भाग मागे ठेवते, आणि कुठपर्यंत आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवते, म्हणून मधेच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होते, पण मॅप फाइल द्यायला विसरलात तर हा फायदा गेला. कोणता ड्राइव्ह मूळ आणि कोणता नवा ते साइज पाहून दोनदा ताडून घ्या, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्यावर चढते. रात्रभर लागली तरी लागू द्या, आणि कूलरच्या फवाऱ्यापासून दूर ठेवा.

इमेज झाली की मूळ ड्राइव्ह कपाटात. आता सगळे प्रयोग इमेजवर.

टेस्टडिस्क, हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. त्यात इमेज उघडा, पार्टिशन (ड्राइव्हचा फायली असलेला भाग) शोधा, पी दाबून फायलींची यादी पाहा, दिसल्या तर निवडून मोठा सी दाबून दुसरीकडे कॉपी करा. यादीच येत नसेल तर त्याच्यासोबत येणारं फोटोरेक लावा. नावात फोटो असला तरी वर्डच्या फायली, गाणी, व्हिडिओ सगळं काढते, कारण ते तक्ता पाहतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळखते. म्हणून मूळ नावं बहुतेक मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत पसरलेले मोठे व्हिडिओ अर्धवटच निघतात. हजार फायली उघडून पाहायची तयारी ठेवा, हे काम ज्याचा ड्राइव्ह आहे त्यालाच द्या.

वर्ड, एक्सेलची फाइल उघडत नसेल तर त्यांच्याच ओपनच्या खिडकीतला ओपन अँड रिपेअर, नाहीतर लिबरऑफिसमध्ये उघडून पाहा. अर्धा राखाडी फोटो कोणतंही अ‍ॅप पूर्ण करून देत नाही, पैसे मागणारं तर नाहीच.

सगळं निघालं आणि दोन ठिकाणी ठेवलं, की मग मूळ ड्राइव्ह फॉरमॅट करा, क्विकची खूण काढून. त्यानंतर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या तपासणीच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. फुटपाथवरचे स्वस्तातले '2 टीबी' पेनड्राइव्ह इथेच उघडे पडतात, लिहिलेलं 2 टीबी आणि आत 16-32 जीबी, पुढचं सगळं हवेत. एक जरी एरर आली तर टाकून द्या, लेकराच्या प्रोजेक्टसाठीही देऊ नका.