पोलिसांत तक्रार देताना: ‘हरवली’ की ‘हिसकावली’?

आमच्या वाड्यावरच्या एका काकींची सोनसाखळी गेल्या पावसाळ्यात दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसकावली. त्यांच्याबरोबर मी पोलीस स्थानकावर गेले, तेव्हा मानेवरचा ओरखडा अजून लाल होता. समोरच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं होतं, ‘सोनसाखळी हरवली’. काकी सही करायला वाकल्या आणि मी त्यांचा हात धरला. हरवल्याच्या दाखल्यावर नवं सिमकार्ड मिळेल, पण चोर कुणी शोधत नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. कागद नव्याने लिहिला गेला, तेव्हाच सही झाली.

म्हणून ही माहिती. जिवाला धोका असेल किंवा गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल, तर आधी ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. बँकेतले पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील, तर स्थानकावर जाण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता येते, त्यामुळे इथे एकेक मिनिट मोलाचं आहे. मेसेज, व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा नंबर यांतलं काहीही डिलीट करू नका.

निघण्यापूर्वी घडलेलं सगळं क्रमाने कागदावर उतरवा. ‘म्हापशाच्या बाजारात मोबाईल गेला’ एवढं पुरत नाही. ‘शुक्रवारी सकाळी ११ च्या सुमारास, मिरच्या विकायला बसतात त्या रांगेत, मागून धक्का लागला आणि पिशवीची चेन उघडी दिसली’ असं लिहा. गाडीचा नंबर अर्धाच आठवत असेल तर तेवढाच द्या, उरलेला अंदाजाने भरू नका. मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक खोक्यावर असतो. तो आणि बिल सोबत घ्या.

जायचं कुठल्या स्थानकावर? घटना घडली तिथलं स्थानक सोयीचं, पण हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही. म्हापशात लुटला गेलेला माणूस गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, काणकोणातही तक्रार देऊ शकतो. तिथे ‘झिरो एफआयआर’ (एफआयआर म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद; झिरो म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची) नोंदवून ती योग्य स्थानकाकडे पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रार ऑनलाइनही पाठवता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं आणि तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. जबाब इंग्रजीत लिहिला असेल, तर मराठीत किंवा कोंकणीत समजावून घ्या. संकोच करू नका, तुमचीच गोष्ट आहे ती. वेळ, जागा, वस्तूंचं वर्णन आणि ते एक क्रियापद तपासा. हिसकावली, चोरली की हरवली? मगच सही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. किरकोळ, अदखलपात्र प्रकरणाची वेगळी नोंद होते. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

लैंगिक गुन्ह्याची तक्रार द्यायला आलेल्या महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. अशी तक्रार नोंदवून न घेणं हा त्या पोलिसाचाच गुन्हा ठरतो, हे घरातल्या मुलींना जरूर सांगा.

गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येईल असा असेल, तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ठरवून दिलं आहे. नव्या संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या प्रकरणांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, एवढंच. तरीही ‘उद्या या’ असं उत्तर मिळालं, तर वाद घालत बसू नका. तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

नोंद झाल्यावर तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रतीच्या मागे लिहून घ्या. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. काकींनी तो नव्वदावा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या पेनाने गोल करून ठेवला होता.