व्हेरिलॉग शिकायचंय? आधी कागदावर सर्किट काढा

सी किंवा पायथन येणाऱ्याला व्हेरिलॉग, म्हणजे डिजिटल सर्किटचं वर्णन लिहायची भाषा, पहिल्या दिवशी सोपं वाटतं आणि घोळ तिथेच होतो. इथे ओळी एकामागून एक चालत नाहीत. लिहिलेल्याचे गेट, तारा, फ्लिप-फ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारे भाग) होतात आणि ते सगळे एकाच वेळी कामाला लागतात. म्हणून मॉड्यूलचं, म्हणजे सर्किटच्या एका तुकड्याचं, चित्र आधी कागदावर काढा. चित्र जमत नसेल तर कोडला हात लावू नका.

एफपीजीए बोर्ड (लिहिलेलं सर्किट ज्याच्या चिपमध्ये भरता येतं तो) घ्यायची घाई नको. सुरुवातीला सर्किट संगणकावरच चालवून पाहायला आयकॅरस व्हेरिलॉग आणि सिग्नलचे आलेख (वेव्हफॉर्म) पाहायला जीटीकेवेव्ह पुरतात; दोन्ही फुकट, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. मक्स (अनेकांतून एक सिग्नल निवडणारा), अ‍ॅडर (बेरीज करणारा) पटकन उरका, वेळ काउंटरला (ठोके मोजणाऱ्याला) द्या. टेस्टबेंचमध्ये (सर्किट तपासणाऱ्या कोडमध्ये) $finish ही थांबायची आज्ञा विसरलात तर क्लॉक थांबत नाही आणि सिग्नलची नोंद ठेवणारी व्हीसीडी फाइल डिस्क भरेपर्यंत फुगते. वेव्हफॉर्म लाल दिसला तर बहुधा रजिस्टरला (फ्लिप-फ्लॉपच्या गटाला) रीसेट, म्हणजे सुरुवातीची किंमत, दिलेला नसतो.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते = आणि <=. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चालणाऱ्या ऑलवेज ब्लॉकमध्ये 'क्यू१ = डी; क्यू२ = क्यू१' लिहिलं तर डी एकाच ठोक्याला क्यू२ पर्यंत पोचतो; शिफ्ट रजिस्टरचा (बिट दर ठोक्याला एक घर पुढे सरकवणाऱ्या साखळीचा) एक टप्पा गायब. दोन्हीकडे <= वापरा. = ठेवा कॉम्बिनेशनल (क्लॉक नसलेल्या) ब्लॉकसाठी. तिथेही इफला एल्स किंवा केसला डिफॉल्ट नसेल तर नको असलेला लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा भाग) तयार होतो. सिंथेसिसमधली (कोडचं सर्किट बनवतानाची) लॅचची वॉर्निंग एररच समजा.

मग बोर्ड. टँग नॅनो ९के शिकायला भरपूर झाला. त्याचा क्लॉक २७ मेगाहर्ट्झ, पिन ५२ वर. एलईडी ६, आणि ते ० दिल्यावर पेटतात. एलईडी लुकलुकवायचा तर अर्ध्या सेकंदाला १,३५,००,००० ठोके मोजायचे, म्हणजे काउंटर २४ बिटांचा हवा. १६ बिटांचा घेतलात तर तो ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो आणि एलईडी कधीच लुकलुकत नाही. ठोक्यांची ही मर्यादा पॅरामीटरमध्ये (बदलता येणाऱ्या आकड्यात) ठेवा, सिम्युलेशनला ५ पुरे. डिझाइन एसरॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) टाकलं तर वीज जाताच पुसलं जातं. गोव्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, तेव्हा बोर्ड बिघडला म्हणण्याआधी फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) लिहून पाहा.

आता स्टेट मशीन, म्हणजे ठरावीक अवस्थांतून फिरणारं सर्किट. पणजी-बेती फेरीबोट घ्या: रॅम्प खाली, गाड्या चढताहेत, बोट भरली, रॅम्प वर. एक बटण म्हणजे गाडी, दुसरं रॅम्प. बटणाचा सिग्नल आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या, मग २० मिलिसेकंद, म्हणजे ५,४०,००० ठोके, स्थिर राहिला तरच खरा धरा. एज डिटेक्टरही (बटण दाबल्याचा फक्त क्षण टिपणारा) हवा, नाहीतर बटण दाबून धरल्यावर सेकंदाला २ कोटी ७० लाख गाड्या बोटीत! आणि गाडी चढतानाच कुणी रॅम्पचं बटण दाबलं तर काय, हे कोड लिहिण्यापूर्वी स्टेट डायग्राममध्ये ठरवा.