झाडाच्या पाटीवर इंडिकस, इंडिका की इंडिकम?

सोसायटीत झाडांना पाट्या लावायच्या म्हटलं की मराठी नावं बिनचूक येतात, घसरगुंडी होते लॅटिन शास्त्रीय नावांवर. त्यातही ‘इंडिकस’ या विशेषणावर, कारण ते ज्यांच्या नावात येतं ते आंबा, चिंच, कडुनिंब पुण्यात पावलोपावली.

शब्द मूळचा आपल्याकडचाच. सिंधूचं जुन्या फारसीत झालं हिंदु, ग्रीकांनी ‘ह’ गाळला, त्यावरून इंडिकोस आणि लॅटिनमध्ये इंडिकस. अर्थ ‘भारताचा’, पण तो सैल वापरलेला. चिंच मूळ आफ्रिकेतली, तरी नाव टॅमरिंडस इंडिका. शिवाय टॅमरिंडस हेही अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर! तेव्हा नुसत्या नावावरून ‘मूळ स्थान: भारत’ असं रंगवू नका.

आता लिंग. काळा, काळी, काळं म्हणणाऱ्याला हे जड नाही. नावातला पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत जीनस), त्याच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं. बैल बॉस इंडिकस, आंबा मॅन्जिफेरा इंडिका, तीळ सेसॅमम इंडिकम. मराठीतलं लिंग इथे चालत नाही. आपला तो आंबा, लॅटिनमधली ती मॅन्जिफेरा.

खरी मेख पुढे आहे. शेवटी ‘-अस’ दिसलं की लोक पुल्लिंगी समजून टॅमरिंडस इंडिकस लिहून मोकळे होतात. पण लॅटिनमध्ये झाडांची नावं परंपरेने स्त्रीलिंगी. म्हणून टॅमरिंडस इंडिका, आणि पिंपळ फायकस रिलिजिओसा.

वडाच्या ‘बेंगालेन्सिस’ची तऱ्हा वेगळी: पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हीला ‘-एन्सिस’, नपुंसकलिंगी ‘-एन्से’. बहाव्याच्या कॅसिया फिस्टुलातलं ‘फिस्टुला’ हे तर विशेषणच नाही. ते नाम आहे, अर्थ नळी. शेंग बघा, कळेल. नाम प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही.

जुन्या पुस्तकातून नाव उतरवताना प्रजाती बदलली असेल तर शेपूटही तपासा. मिसळीतली मटकी आधी फॅसिओलस अकोनिटिफोलियस होती. ती व्हिग्नात गेली, व्हिग्ना स्त्रीलिंगी, म्हणून आता व्हिग्ना अकोनिटिफोलिया. अर्धंच बदललं तर दोन्ही नावांची खिचडी होते.

रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण छोट्या अक्षरांत, मग तो देशाच्या नावावरून आलेला का असेना. दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत. पेंटरला हे कागदावर लिहूनच द्या. तोंडी सांगितलं की सगळीच अक्षरं मोठी होऊन येतात.